जुन्या जीपगाडीस व ट्रॅक्टरास मागाहून केलेले फेरबदल आणि त्यांची विक्रीच्या वेळची किंमत

माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत बैल घ्यावयास गेलेला शेतकरी शिंगांचा रंग पाहून किंमत ठरवीत नाहीं. तो आधीं दांत पाहतो, मग खांदा चाचपतो, खूर उचलून पाहतो आणि चार पावलें चालवून पाहतो. झूल, घुंगरमाळ, गोंडे हा शृंगार बैल दुरून नजरेस भरावा म्हणून असतो. सौदा ठरल्यावर विकणारा झूल उतरवून घरीं नेतो, आणि घेणाराही त्याबद्दल शब्द काढीत नाहीं. कारण झुलीचे पैसे त्यानें बैलाच्या किंमतींत धरलेलेच नसतात. लाल कंधारी व देवणी या आपल्याच दोन जातींची पारख पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस हा न्याय नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. परंतु तोच शेतकरी जुनी जीप किंवा ट्रॅक्टर विकावयास काढतो, तेव्हां झुलीचे पैसे बैलाच्या किंमतींत मागूं लागतो. आणि ते मिळाले नाहींत म्हणजे घेणारा आपणांस अडवीत आहे असें त्यास वाटतें.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. आपल्याकडे वाहन बहुधा अडचणीच्या वेळीं विकलें जातें. सोयाबीनचा भाव पडला, बँकेचा हप्ता थकला, विहीर खोल करावी लागली किंवा मुलीचें लग्न ठरलें, कीं दारांतील ट्रॅक्टर किंवा जीप हीच हातची रोकड ठरते. त्या दिवशीं पदरांत किती रक्कम पडणार, हें त्या दिवसाच्या घासाघिशीवर थोडें आणि मागील पांचसात वर्षांत आपण त्या वाहनावर काय चढविलें, काय कापलें व काय नोंदविलें नाहीं यावर पुष्कळ अवलंबून असतें. म्हणून या विषयाचा विचार विकतांना नव्हे, तर फेरबदल करतांनाच झाला पाहिजे. त्या हेतूनें आम्ही पुढील चार गोष्टी वाचकांपुढें ठेवीत आहों.

फेरबदल कां होतात

कारखान्यांतून निघालेलें वाहन सर्व देशासाठीं एकाच नमुन्याचें असतें. आपली जमीन व आपलें काम मात्र आपलेंच असतें. जीप ही मूळची लष्करी गाडी. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ पासून अमेरिकेंत ती लाखोंच्या संख्येनें तयार झाली, आणि युद्धानंतर मुंबईस महिंद्र कंपनीनें विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढें याच घराण्यांतील गाड्या खेड्यापाड्यांत पसरल्या. मारुतीची जिप्सी १९८५ सालीं आली, महिंद्रची थार २०१० सालीं आली व तिचा नवा नमुना २०२० सालीं निघाला. पावसाळ्यांत काळ्या चिकण रानांतून पाणंदीनें जावयाचें, किनवट-माहूरकडील डोंगर चढावयाचे, मांजरेच्या कांठचा ऊस कारखान्यावर पोंचवावयाचा, अशीं निरनिराळीं कामें निघालीं म्हणजे मालक मिस्त्रीकडे जातो आणि रुंद टायर, जाड पाटे, मजबूत बंपर, छत, जादा वजनें अशी भर घालूं लागतो. यांत गैर कांहीं नाहीं. कामास उपयोगी पडणारा बदल आपल्या जागीं योग्यच असतो. परंतु उपयोग एक आणि विक्रीची किंमत दुसरी, हा भेद ध्यानांत असावा. बदलाचा मोबदला बहुतांशीं तो वापरण्यांतच मिळून जातो. विकतांना तो पुन्हां मिळत नाहीं.

फेरबदलांचे तीन वर्ग

घेणाऱ्याच्या दृष्टीनें पाहतां सर्व फेरबदल तीन वर्गांत बसतात.

पहिला वर्ग सहज काढतां येणाऱ्या वस्तूंचा. जादा दिवे, गाण्याचें यंत्र, बैठकींचे गिलाफ, टपावरील जाळी, ट्रॅक्टरचें छत, पुढील जादा वजनें या पाना लावून उतरवितां येतात. हीच ती झूल. यांच्यामुळें किंमत फारशी वाढत नाहीं आणि कमीही होत नाहीं. मात्र बसवितांना पत्रा भोंसकला असेल किंवा विजेच्या मूळ तारा कापून जोड दिले असतील, तर नुकसान होतें. आंत कोठें तार जळेल ही धास्ती घेणाऱ्यास वाटते आणि ती तो किंमतींतून वळती करितो. सणावारांस ट्रॅक्टरवर मोठमोठे भोंगे बांधणाऱ्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. भोंगे निघून जातात, पण ताणलेली बॅटरी व विजेची जोडाजोड मागें राहते.

दुसरा वर्ग कामाच्या बदलांचा. जुन्या ट्रॅक्टरास मागाहून बसविलेलें पॉवर स्टिअरिंग, चांगला हूक, ट्रॉलीस जोडलेले ब्रेक, मूळ मापाचे नवे टायर, जीपला खालून दिलेला गंजरोधक लेप हे या वर्गांतील होत. असा बदल कंपनीच्या भागांनीं झाला असेल व पावती जपलेली असेल, तर घेणारा त्याचे कांहीं पैसे खुशीनें देतो. कारण तो खर्च त्यालाही पुढें करावाच लागला असता. येथें पावतीस मोठें महत्त्व आहे. पावती नसलेला बदल म्हणजे कोणी केला, कशानें केला, केव्हां केला याचा पत्ता नसलेला बदल होय.

तिसरा वर्ग वाहनाच्या हाडांस हात घालणाऱ्या बदलांचा. चॅसिस म्हणजे सांगाडा कापून आंखूड किंवा लांब करणें, दुसऱ्या जातीचें इंजिन घालणें, गाडी पाट्यांवर उंच उचलणें, फार मोठीं चाकें घालणें, डिझेल पंपाचें सील तोडून जादा डिझेल सोडणें हे बदल परत फिरवितां येत नाहींत, किंवा फिरविण्यास मूळ बदलाहून अधिक खर्च येतो. किंमत खऱ्या अर्थानें पडते ती या वर्गानें.

यंत्राच्या आंत काय घडतें

घेणारा या बदलांस भितो, यांत त्याचा लहरीपणा नाहीं. भीतीस यंत्रांतील कारणें आहेत. चाकांचेंच उदाहरण घ्या. २८ इंच व्यासाच्या चाकाऐवजीं ३१ इंची चाक घातलें, तर दर फेऱ्यास गाडी सुमारें एक दशांश अधिक अंतर तोडते. मीटर मात्र फेरेच मोजतो. म्हणून मीटरवर १,००,००० किलोमीटर दिसत असतील तेव्हां गाडी प्रत्यक्षांत १,१०,००० च्या आसपास चाललेली असते. गतीही दाखविलेल्यापेक्षां जास्त असते, ओढण्याचा जोर तितक्याच प्रमाणांत घटतो, क्लच अधिक घासतो आणि जड चाक थांबवितांना ब्रेकांवर जादा भार येतो. गाडी उंच उचलली म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे शक्ति नेणारा दांडा अधिक तिरपा होतो व त्याच्या सांध्यांचे क्रॉस लवकर झिजतात. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्यामुळें वळणावर ती उलटण्याचा धोका वाढतो. बालाघाटाच्या घाटवळणांवर हा धोका कागदावरचा राहत नाहीं.

डिझेल पंपाचें असेंच आहे. जास्तींत जास्त किती डिझेल सुटावें हें ठरविणारा स्क्रू कारखान्यांत सील केलेला असतो. तो फिरविला म्हणजे ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस जोरानें ओढतो. पण सगळें डिझेल जळण्याइतकी हवा आंत येत नाहीं, धूर काळा पडतो, पिस्टन व व्हॉल्व्ह यांवर उष्णता वाढते आणि क्लच व गिअरबॉक्स यांवर त्यांनीं कधीं सोसण्याचें ठरलें नव्हतें असा ताण पडतो. हंगाम निघून जातो, झीज राहते. म्हणून जाणता घेणारा प्रथम तें सील पाहतो, आणि तुटलेलें दिसलें कीं इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीचा खर्च मनांत धरूनच बोली लावतो. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले असून त्यांचें डिझेल विजेच्या यंत्रणेनें सोडलें जातें. तिच्याशीं गांवच्या मिस्त्रीनें खेळणें तर अधिकच महागांत पडतें.

एक उलटें उदाहरणही सांगण्यासारखें आहे. डिझेल वांचावें किंवा दुरुस्ती टळावी म्हणून कित्येक मालक चारचाकी ओढीच्या जीपचा पुढील चाकांकडे जाणारा दांडा काढून टाकतात. रोजच्या कामांत फरक जाणवत नाहीं. विकतांना मात्र चारही चाकांच्या ओढीसाठींच जीप शोधणारा शौकीन परत जातो. काढलेले भाग घरीं जपून ठेवले असतील तर ते बसवून देतां येतात. भंगारांत घातले असतील तर तीच गाडी साध्या गाडीच्या भावानें जाते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ याचें कलम ५२ सर्वांनीं माहीत करून घ्यावें. नोंदणीपत्रांतील तपशील आणि निर्मात्यानें मूळ ठरविलेला तपशील यांत अंतर पडेल असा फेरबदल मालकानें करूं नये, असा त्याचा आशय आहे. निराळ्या इंधनावर चालविण्यासाठीं मान्य संच बसविणें यांसारखे बदल ठरलेल्या अटींवर करतां येतात, व परवानगीवांचून झालेला बदल १४ दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचें बंधन मालकावर आहे. वाहन भाडेखरेदीच्या करारावर असेल, तर नोंदलेल्या मालकाच्या लेखी संमतीवांचून त्यांत बदल करतां येत नाहीं. केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीं कायद्यांत झालेल्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बेकायदा फेरबदलास ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली आहे. पुढें बसवावयाच्या लोखंडी गार्डांविषयींही केंद्रीय परिवहन मंत्रालयानें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस लिहून ते याच कलमाच्या विरुद्ध असल्याचें कळविलें होतें.

पुष्कळांचें म्हणणें असें कीं, रस्त्यावर कोण विचारतो? हरियाणांतील डबवालीसारख्या ठिकाणीं जुन्या जीपांस नवीं रूपें देण्याचा मोठा धंदाच चालत आला आहे, आणि लग्नाच्या वरातींत तशा जीपा आपणही पाहतों. यास उत्तर असें कीं, रस्त्यावर कोणी न विचारलें तरी विक्रीच्या वेळीं विचारलें जातेंच. नोंदणीची १५ वर्षें भरलीं म्हणजे खाजगी वाहन व शेतीचा ट्रॅक्टर तपासणीस न्यावा लागतो, आणि मग पुढें पांच पांच वर्षांनीं नोंदणी वाढते. त्या तपासणींत इंजिनाचा नंबर किंवा बांधणी पुस्तकाशीं जुळली नाहीं, तर काम अडतें. जुनी जीप घेणारा आज घेतो ती पुढील तपासणीकडे डोळा ठेवूनच.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांस याची आणखी एक बाजू आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडील लोक तेलंगणांत आणि उदगीर, निलंगा, देवणीकडील लोक कर्नाटकांत वाहन देतात व घेतात. परराज्यांतील वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ येथें ठेवावयाचें तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणून, येथील कर भरून एम.एच. २६ किंवा एम.एच. २४ यांसारखा नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्या वेळीं वाहन पुन्हां तपासलें जातें. म्हणून सीमेपलीकडील घेणारा आपल्या फेरबदल केलेल्या जीपला कमी बोली लावतो. आणि पलीकडून स्वस्त म्हणून आणलेली जीप पुष्कळदां याच कारणानें स्वस्त असते.

विम्याची गोष्ट याहून गंभीर आहे. फेरबदल विमा कंपनीस कळविलेला नसेल, तर अपघातानंतर दावा नाकारण्यास किंवा कमी करण्यास तिला आधार सांपडतो. शिवाय वाहन विकूनही नांव बदललें नसेल, तर अपघाताची जबाबदारी नोंदणीपुस्तकांतील मालकावरच राहते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. विचार करा : आपण उंच उचललेली, सांगाडा जोडलेली जीप इसार व रोख घेऊन दुसऱ्यास दिली. कागद जुळत नाहींत म्हणून त्यानें नांव चढविलें नाहीं. पुढें ती उलटून माणूस दगावला, तर कोर्टाची नोटीस आपल्या दारीं येते. अशा सौद्यांत मिळालेले पैसे मिळकत नसून कर्ज होय.

घेणारे दोन प्रकारचे

जुन्या वाहनाचा गिऱ्हाईक एकाच जातीचा नसतो. एक आपल्यासारखा कामाचा शेतकरी. त्यास साधें, कोणत्याही तालुक्याच्या गांवीं दुरुस्त होणारें, मूळ मापाचे टायर चालणारें वाहन हवें असतें. दुसरा शहरांतील शौकीन. तो जादा पैसे देण्यास तयार असतो. पण तो एकतर पूर्ण मूळ स्थितींतील जुनी गाडी शोधतो, किंवा स्वतःच्या आवडीचे बदल स्वतः करूं पाहतो. दुसऱ्याची हौस दोघांसही नको असते. ज्या बदलांत मालकाचा जीव अडकलेला असतो, त्याच बदलांनीं गिऱ्हाइकांची संख्या घटते, आणि गिऱ्हाईक घटलें कीं भाव पडतो. मालाच्या आडतीवर आपण हें रोज पाहतों.

समजुतीकरितां एक हिशेब मांडूं. यांतील आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, एका मालकानें ट्रॅक्टरवर छत व बंपर यांस २०,०००, गाण्याचें यंत्र व दिवे यांस ३५,०००, रिंगसह रुंद टायरांस ६०,००० आणि पंप वाढविण्यास ५,००० असे १,२०,००० रुपये घातले. घेणारा छताचे ८,००० धरतो, गाण्याचे कांहीं धरीत नाहीं, अर्ध्या झिजलेल्या टायरांचे २०,००० धरतो, आणि पंपाच्या धास्तीनें २५,००० वजा करितो. म्हणजे १,२०,००० पैकीं पदरांत पडले ३,०००. आतां हाच मालक पंपास हात न लावता, गाण्याचें यंत्र उतरवून निराळें १२,००० ला विकता व मूळ रिंगा जपून ठेवता, तर छताचे ८,०००, टायरांचे २०,००० व यंत्राचे १२,००० मिळून ४०,००० त्याच्या हातीं येते. पंप वाढविण्याचे पांच हजार हे यांतले सर्वांत लहान खर्चाचें कलम, पण सर्वांत जास्त नुकसान त्यानेंच केलें.

विकणाऱ्यानें काय करावें

(१) कोणताही बदल करण्यापूर्वीं तो परत फिरवितां येतो कीं नाहीं हें विचारावें. येत नसेल तर दोन वेळां विचार करावा; सांगाड्यास तर वेल्डिंगचा स्पर्शही होऊं देऊं नये.

(२) काढलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो रिंग असो, पाटा असो वा दिवा असो, तेल लावून पोत्यांत बांधून ठेवावा. विक्रीच्या दिवशीं तें पोतें गाडीजवळ ठेवलें म्हणजे घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

(३) पावत्या, विम्याचे कागद व नोंदणीपुस्तक एका ठिकाणीं असावेत. बँकेचा बोजा फिटला असेल, तर तो पुस्तकांतूनही उतरवून घ्यावा.

(४) विकावयापूर्वीं झूल उतरवावी, मूळ मापाचीं चाकें चढवावींत, आणि जो बदल राहिला असेल तो घेणाऱ्यास आपण होऊन सांगावा. लपविलेली गोष्ट मिस्त्रीच्या नजरेस पडली, कीं न केलेल्या गोष्टींचाही संशय येतो.

(५) विक्रीनंतर १४ दिवसांच्या आंत हस्तांतराची खबर परिवहन कार्यालयास द्यावी व तिची पोंच जपावी. घेणाऱ्यास यासाठीं ३० दिवसांची मुदत आहे. त्यानें ती पाळली कीं नाहीं हें 'वाहन'च्या नोंदींत पाहावें.

घेणाऱ्यानें काय पाहावें

सांगाड्यावरील नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनें ठसा घ्यावा व तो पुस्तकाशीं अक्षरशः जुळवावा. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंस खालून हात फिरवून नवा जोड किंवा ताजा रंग शोधावा. टायरवर छापलेलें माप पुस्तिकेंतील मापाशीं ताडावें, आणि मोठें असल्यास मीटरचा आंकडा त्या प्रमाणांत वाढवून धरावा. ट्रॅक्टरचे तास पाहतांना क्लचचें पेडल व सीटचा पत्रा यांची झीजही पाहावी. तास थोडे व झीज फार असेल तर मीटरावर विश्वास ठेवूं नये. इंजिन थंड असतांना सुरू करवावें, धूर पाहावा, पंपाचें सील पाहावें. पुढें लोडर बसविलेला ट्रॅक्टर असेल तर पुढील एक्सल व त्याच्या पिना विशेष तपासाव्यात, कारण तो भार तेथेंच बसतो. चारचाकी ओढीची जीप मऊ रानांत नेऊन चारही चाकें ओढतात याची खात्री केल्यावांचून इसार देऊं नये.

सारांश इतकाच कीं, वाहनाची किंमत तीन गोष्टींत असते : निर्मात्यानें दिलेल्या सांगाड्यांत, मालकानें राखलेल्या निगेंत आणि एकमेकांशीं जुळणाऱ्या कागदांत. चौथी गोष्ट हौस. ती जरूर करावी, कारण राबणाऱ्या माणसास आपल्या वाहनाचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. मात्र तिचे पैसे घरखर्चांत लिहावे, वाहनाच्या भांडवलांत लिहूं नयेत. पुढील हंगामापूर्वीं ज्यांचा ट्रॅक्टर किंवा जीप विकावयाची आहे, त्यांनीं आजच नोंदणीपुस्तक हातीं घेऊन वाहनाभोंवतीं एक फेरी मारावी आणि पुस्तकांत आहे तेंच दारांत उभें आहे ना, हें पाहावें अशी आमची विनंती आहे.